भाऊजींची बारावी जागा

पाहणारे लोक जगात पुष्कळ आहेत, पण पाहिलेल्या जागेला कबुलीजबाब द्यायला लावणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि नशिबाने तो माझा साडू निघाला. भाऊजी म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, ताईंचे, यजमान. बायको त्यांना भाऊजी म्हणते म्हणून मीही म्हणतो, आणि ते मला साडूसाहेब म्हणतात. त्यातला ‘साहेब’ थट्टेचा आहे हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. जन्म जबलपूरचा, घर तिथल्याच अधारताल वस्तीत, आणि सगळी नोकरी जमीनमोजणीच्या कचेरीत नकाशे काढण्यात गेलेली. मला कोणी माझ्याच घराच्या दाराचा रंग विचारला तर मी बायकोच्या तोंडाकडे बघतो. भाऊजी मात्र एखाद्या लग्नाला जाऊन आले की तिथल्या मांडवाचे खांब किती होते, त्यातला कोणता कलला होता आणि कोणत्या बाजूला, हे न विचारता सांगतात. जेवणात काय होतं हे तेवढं ताईंना विचारावं लागतं.

तर आमच्या तरुणपणी टीव्हीवर एक जासूसी मालिका लागायची. तेरा भागांची. त्यातला जासूस टकला, जाडसर आणि कायम खिशातले फुटाणे खाणारा होता. पळापळ नाही, बंदूक नाही. तो एखाद्या जागी जाऊन नुसता बसायचा, फुटाणे खायचा आणि खून कोणी केला ते सांगायचा. भाऊजींना यापेक्षा मोठा पुरुष जगात दिसला नाही. पहिला भाग मुंबईत कुठेतरी बंद खोलीत झाला होता, पण उरलेले बारा भाग आमच्या जबलपुरात आणि आसपासच्या मुलखात चित्रित झालेले. कुठे, ते कोणी सांगितलं नव्हतं. शेवटी फक्त ‘जबलपुर एवं आसपास के नागरिकों का आभार’ अशी पाटी यायची. बाकीच्या नागरिकांनी ते आभार मुकाट्याने स्वीकारले. भाऊजींनी मात्र ठरवलं की या बाराही जागा शोधायच्या, स्वतः गाडी चालवत जायचं, आणि जासूस जिथे बसला तिथे बसून फुटाणे खायचे.

त्यासाठी त्यांनी जे केलं ते ऐका. कोणाकडून तरी व्हिडिओ कॅसेट आणि ते यंत्र उसनं आणून, चित्र थांबवून, टीव्हीच्या काचेवर ट्रेसिंग पेपर धरून त्यांनी प्रत्येक जागेचं चित्र पेन्सिलीने उतरवून घेतलं. मग कचेरीतल्या रिवाजाप्रमाणे कागद पालथा घालून मागच्या बाजूने शाईने गिरवलं, म्हणजे पुढची पेन्सिल खोडताना शाई खराब होत नाही; पेन्सिलीची बाजू सुलटी, म्हणून भागाचा नंबर तिच्यावर. त्या कॅसेटी पुढे बुरशी लागून गेल्या, मालिका कुठे पुन्हा दिसली नाही, पण भाऊजींचे बारा कागद गुंडाळीत शाबूत राहिले. निवृत्तीनंतर दर हिवाळ्यात त्यांची पांढरी गाडी निघू लागली. पुढे भाऊजी, त्यांच्या शेजारी नकाशे सांभाळायला मी, मागे ताई, माझी बायको, चहाचा थर्मास आणि पराठ्यांचा डबा.

या सहलींचे नियम कडक होते. कोणालाही रस्ता विचारायचा नाही, कारण जासूसाने विचारला नव्हता. मोबाइलमधल्या बाईला बोलू द्यायचं नाही. जागा सापडली की चित्रातल्या सावलीशी खरी सावली जुळेपर्यंत थांबायचं, मग तीन तास का लागेनात. आणि मुख्य म्हणजे मान हलवायची नाही. भाऊजी कागद छातीशी धरून ताठ उभे राहत आणि सगळी जागा एका नजरेत घेत. “मान हलली की मोजमाप हललं, साडूसाहेब,” असं ते म्हणत. त्यानंतर आम्हाला भूमिका वाटल्या जात. माझी बायको साक्षीदार, मी खुनी, आणि मढं नेहमी ताई. ताईंनी मंडल्याच्या रस्त्यावर, छावणीतल्या एका ओसाड बंगल्याच्या व्हरांड्यात आणि एका लाकडाच्या वखारीत मेल्याचं सोंग इतकं समजुतीने घेतलं आहे की त्यांना आता कोणत्या भागात कुठल्या कुशीवर पडायचं हे पाठ झालंय. भेडाघाटला संगमरवराच्या मूर्ती विकणाऱ्या दुकानामागे त्या अशाच आडव्या पडल्या होत्या आणि मी हातात दगडी नंदी घेऊन उभा होतो, तेव्हा दुकानदार धावत आला. “अरे भैया, माताजी को क्या हो गया?” ताईंनी डोळे न उघडता सांगितलं, “कुछ नहीं भैया, दस मिनट और.” तो बिचारा पाणी घेऊन आला आणि दहा मिनिटं आमच्यासोबत उभा राहिला.

पण हसता हसता माझं तोंड बंद व्हायचं ते अशा वेळी. मंडल्याच्या रस्त्यावरचा डाकबंगला आम्ही तिसऱ्या वर्षी शोधला. भाऊजी दोन मिनिटं ताठ उभे राहिले आणि चौकीदाराला म्हणाले, “इस दीवार में एक खिड़की थी.” चौकीदार म्हणाला, साहेब, मी वीस वर्षं इथे आहे, खिडकी-बिडकी काही नव्हती. भाऊजींनी जमिनीपासून वीत-वीत मोजत भिंतीवर खडूने चौकट आखली. एवढ्यात चौकीदाराची म्हातारी आई आतून आली, खडूकडे बघत राहिली आणि म्हणाली, “हाय राम, यहीं तो थी. बंदर आते थे, तो चुनवा दी.” म्हणजे माकडांपायी खिडकी विटांनी बुजवून टाकली होती. भाऊजी शांतपणे फुटाण्याची पुडी सोडत होते.

अशा अकरा जागा सापडल्या. बारावी सापडेना. हा शेवटचा भाग. यात खून नाही, मढं नाही. नर्मदेच्या एका लहान घाटावर जासूस वरच्या पायरीवर बसतो, सगळं ओळखतो आणि कोणाला काही न सांगता उठून जातो. कागदावर डावीकडे छोटं देऊळ, उजवीकडे पिंपळ, त्याच्या बुंध्याशी घागर घेऊन पाठमोरी पायऱ्या उतरणारी एक बाई, आणि खाली पाण्यात दोराने बांधलेली नाव. ढगाळ दिवशी घेतलेलं चित्र, त्यामुळे सावली नाही. पण नावेचा दोर डावीकडे ताणलेला होता, आणि भाऊजींना तेवढं पुरे होतं. “दोर ताणला तिकडे प्रवाह, आन् नर्मदा जाते पश्चिमेला. नदीकडे तोंड केलं आन् पाणी डावीकडे चाललं, म्हणजे आपण दक्षिण काठावर उभे. सरळ हिशोब आहे.” झालं. अकरा हिवाळे आम्ही तिलवाऱ्याचा पूल ओलांडून दक्षिणेकडचा काठ पालथा घालत होतो. काटेरी झुडपात माझे दोन स्वेटर गेले.

गेल्या दिवाळीच्या सुमाराला भाऊजींच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. समोरचं स्वच्छ दिसतं, पण कडेचं दिसणं कमी होत चाललंय, असं डॉक्टर म्हणाले. संक्रांतीपर्यंत चालवा, फक्त दिवसा, फक्त ओळखीच्या रस्त्यावर. मग गाडी बंद. आम्ही सगळे हबकलो. भाऊजींनी घरी येऊन कॅलेंडर काढलं. “संक्रांतीपर्यंत दहा इतवार आहेत. बारावी जागा मीच गाडी चालवत जाऊन पाहीन. नंतर तुमी मला पार्सलासारखं कुठंही न्या.” हे त्यांनी हसत सांगितलं, पण ताई उठून स्वयंपाकघरात गेल्या. दुसऱ्याने नेऊन दाखवलेली जागा ही त्यांच्या लेखी पाहिलेली जागाच नव्हती, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

त्यातले सहा इतवार वाया गेले. सातव्या शनिवारी संध्याकाळी आम्ही त्यांच्या ओसरीवर बसलो होतो. ताई मटार सोलत होत्या आणि समोर तो बारावा कागद पसरलेला होता. ताईंनी तो पूर्वी शंभरदा पाहिला असेल. त्या दिवशी त्यांचा हात थांबला.

“अहो, ही बाई पदर कसा घेऊन राहिली?”

“सीधा पल्ला आहे. इकडच्या बायका घेतात तसा,” भाऊजी म्हणाले.

“सीधा पल्ल्याचा पदर मागून उजव्या खांद्यावर येतो अन् पुढं पडतो. हिचा तर पाठीवर लोंबून राहिला, काठासकट. उजव्या खांद्यावरून मागं? असं कोणीच नाही नेसत जी.” आणि मटाराची शेंग कागदावर ठेवून म्हणाल्या, “ही आपल्यासारखीच डाव्या खांद्यावर पदर घेणारी बाई आहे. तुमचा कागदच पालथा आहे.”

मला वाटतं, हा कागद पुण्यात असता तर पहिल्याच दिवशी एखाद्या मावशीने ही चूक पकडली असती. पण आमच्या जबलपुरात निम्म्या बायकांचा पदर उजव्या खांद्यावर असतो, त्यामुळे अकरा वर्षं ती बाई आमच्या डोळ्यांसमोर उलटी उभी होती आणि आम्ही तिला शेजारची भाभी समजत होतो. भाऊजी कागद घेऊन खिडकीशी गेले. बोटाने शाई चाचपली. मग हळूच म्हणाले, “नंबर आधी टाकायचा, पेन्सिलच्या बाजूनं. त्या दिवशी बत्ती गेली होती. मी नंबर नंतर टाकला, शाईच्या बाजूनं.” त्यांनी कागद उलटला. देऊळ उजवीकडे गेलं, दोर उजवीकडे ताणला गेला, आणि घाट नदीच्या दुसऱ्या काठावर, म्हणजे आमच्याच काठावर आला. मला वाटलं ते खचतील. ते ताईंजवळ गेले आणि त्यांनी चक्क हात जोडले. “इतकी वर्षं तुला मढं बनवून राहिलो,” ते म्हणाले. “जासूस तू होतीस.” ताई लाजल्या आणि मटार सांडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. ग्वारीघाटची गर्दी, फुलांच्या परड्या आणि नाववाल्यांच्या हाका मागे टाकून काठाकाठाने कच्च्या रस्त्याला लागलो. मी मुकाट्याने नकाशा धरून होतो. एका वळणावर एक बकरी कडेने रस्त्यात आली. मी ओरडलो, भाऊजींनी ब्रेक मारला. बकरी गेली. त्यानंतर भाऊजी स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरून होते. अर्ध्या तासाने पिंपळाचा शेंडा दिसला, मग देवळाचा कळस, मग पायऱ्या. घाट इतका लहान होता की त्याला नाव असेल असंही वाटलं नाही. तिथे बेल-फुलं विकणारी एक म्हातारी बसली होती, ती आपण होऊन म्हणाली, “हाँ, बहुत पहले सूटिंग हुई थी यहाँ. एक टकला आदमी था, दिन भर फुटाने खाता था.” एका उलट्या कागदावरून आणि एका पदरावरून ही माणसं थेट इथे येऊन पोहोचली होती. मी भाऊजींपुढे मनातल्या मनात लोटांगण घातलं, आणि ताईंपुढे दोन.

भाऊजी वरच्या पायरीवर ताठ उभे राहिले. कागद छातीशी. त्यांनी ताईंना पिंपळाच्या बुंध्याशी, बाईच्या जागी जाऊन उभं राहायला सांगितलं. ताई गेल्या. अगदी बरोबर जागी, मी कागदाशी ताडून पाहिलं.

“पोचलीस का? काहून थांबली वाटेत?”

“मी उभीच आहे ना जी. पिंपळाशी.”

“दिसून नाही राहिली. थोडी उजवीकडे ये.”

ताई एक पाऊल सरकल्या. “आता?”

“अजून थोडी.”

त्या दुसऱ्या पायरीवरून तिसऱ्या दगडावर, मग देवळाच्या दिशेने, असं एकेक पाऊल सरकत राहिल्या. भाऊजी मान न हलवता समोर बघत होते. त्यांनी मान जराशी वळवली असती तरी पुरे होतं, पण ते वळवणारे नव्हते. माझ्या बायकोने माझी बाही घट्ट धरली. ताई अगदी मधोमध, नावेच्या समोर आल्या तेव्हा भाऊजी म्हणाले, “हं. आता दिसलीस.”

ताई तिथेच उभ्या राहिल्या. पिंपळ किती लांब राहिला होता ते त्यांनी वळून पाहिलं, आणि भाऊजींनी त्यांना वळताना पाहिलं. त्या दोघांना एकाच वेळी कळलं. भाऊजींनी कागद गुंडाळला. मग खाली बसले, पुडी काढली, आम्हा तिघांना चार-चार फुटाणे दिले आणि स्वतः एकेक करून खाल्ले. “जागा बरोबर आहे,” ते म्हणाले. संक्रांतीला अजून तीन इतवार बाकी होते. पण उठताना त्यांनी गाडीची किल्ली माझ्या हातात ठेवली. “चलो, तुमी चालवा. ती बकरी मला दिसली नव्हती.”

ते पहिल्यांदाच मागे बसले, ताईंच्या शेजारी. मला रडू येत होतं आणि रस्ता कच्चा होता, म्हणून मी पुढेच बघत राहिलो. थोड्या वेळाने मागून ताईंचा आवाज ऐकू आला. त्या रस्त्याच्या कडा सांगत होत्या. डावीकडे हरभऱ्याचं शेत आहे, त्यात दोन बगळे. उजवीकडे एक बाई चादर वाळत घालून राहिली, निळी. विहीर आली, तिचा कठडा एका बाजूने पडलाय. आणि जन्मभर जगाचं मोजमाप करणारा तो माणूस, लहान मुलाने ऐकावं तसा, प्रत्येक गोष्टीला “अच्छा” म्हणत होता. त्यांच्या घराकडे वळायचा अधारतालचा फाटा आला तसं मी वळायच्या ऐवजी गाडी सरळ पुढे नेली, कारण ताईंचं सांगणं अजून संपलं नव्हतं.