फिल्मवर न उमटलेलं ऊन

आम्ही खारदांड्याचे कोळी. बाबा होडीवर आणि आय वलांडीवर. वलांडी म्हणजे बांबू रोवून, त्यांना दोऱ्या बांधून बोंबील वाळत घालायची जागा. एका बोंबलाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि जोडी दोरीवर टांगायची. पावसाळा सरला की आय सकाळपासून उन्हं कलेपर्यंत तिथेच. कावळे-कुत्री हाकलायची, बोंबील फिरवायची. डोक्यावर काहीतरी घे म्हटलं की म्हणायची, "ऊन मना लागत नाय गो. ऊन बोंबलांना लागतं."

कोणाला लागत होतं ते तिच्या डोळ्यांत दिसत होतं. नाकाकडच्या कोपऱ्यातून मांसाचा पापुद्रा बुबुळावर चढत होता. एकदा कापून काढला, तो परत आला. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, उन्हातलं काम सोडा, नाहीतर नजर जाईल. आयने मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी वलांडीवर हजर. पालथ्या घड्यावर पाणी.

ऐंशीच्या दशकातली ही गोष्ट. मी तेव्हा अंधेरीच्या एका प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून नुकतीच लागले होते. माणसाच्या अंगावर रोज किती अतिनील किरण पडतात, याचा अंदाज आम्ही बांधत होतो. पुठ्ठ्याच्या चौकटीतला फिल्मचा लहानसा तुकडा पोस्टमनच्या, कारकुनाच्या, घरातल्या बाईच्या खांद्यावर टाचायचा. उन्हाने त्या फिल्ममध्ये होणारा बदल नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, यंत्रात घातल्यावर कळतो. सरांना विचारून एक तुकडा मी आयसाठी आणला. तिच्या खांद्यावरच्या फडक्याला पिनेने लावला आणि म्हटलं, "आता हेच सांगेल तुला ऊन लागतं की नाही."

"लागतं बोललं तं वलांडी सोडीन," आय म्हणाली. "नाय बोललं तं तू परत तोंड उघडायचं नाय."

बाबांच्या देखत तिने शब्द दिला. आयचा शब्द म्हणजे शब्द. मी मनातून हरखले.

आठवड्याने फिल्म यंत्रात घातली. आकडा आला तो दिवसभर टेबलाशी बसणाऱ्या कारकुनापेक्षाही कमी. सर हसत म्हणाले, "तुमच्या आई घराबाहेर पडत नाहीत वाटतं." मला हसू येईना. जन्मभर उन्हात उभी राहिलेली बाई आमच्या हिशेबी सावलीत बसून होती.

घरी येऊन चपला काढायच्या आत मी विचारलं, "फिल्म कुठे लावत होतीस?"

तिने छातीवर हात ठेवला. "हितं, चोलीच्या आत, देवीच्या अंगाऱ्याजवल. तू कामाला गेलीस का आत ठेवायची. सायबाची वस्तू, खारं पानी लागून नासली असती तं तुना वरडला असता ना तो? नवी नोकरी तुजी."

माझ्या नोकरीला जपायला तिने ती फिल्म आत ठेवली होती. मला संताप आला. आत ठेवलीस म्हणून ती ऊन लागत नाही म्हणतेय, पुन्हा एकदा लाव, म्हणून मी हातापाया पडले. आय ढिम्म. "एकदा बोललं ना ते? झालं तं मग." त्या रात्री तिने खुशीत बोंबील तळले. मी माझं ताट तसंच झाकून ठेवलं.

पुढच्या काही वर्षांत पापुद्रा पार मधोमध आला, आधी एका डोळ्यात, मग दुसऱ्यात. पुन्हा कापूनही उपयोग झाला नाही. वलांडी धाकट्या काकीकडे गेली. आय ओट्यावर बसून राहायची. सुक्या बोंबलांचा वास आला की तिचे हात मांडीवर आपोआप हलायचे, जबड्यात जबडा अडकवल्यासारखे. मला ते बघवत नसे.

एका दुपारी मी तिच्या शेजारी तांदूळ निवडत होते. सावली सरकून ऊन तिच्या तोंडावर आलं होतं आणि माझ्या ध्यानात नव्हतं. तिने चाचपडत माझा दंड धरला.

"लागतंय गो," ती हळूच म्हणाली. "जरा सावलीत ने मना."