हिडी म्हणजे बिडी नव्हे

नांदेडच्या आमच्या कंपाउंडची मेंदी दोन पुरुष उंच झाली, तेव्हा मी टेबलावर प्लास्टिकची खुर्ची ठेवून चढलो आणि थेट बायकोच्या तुळशीशेजारी उतरलो. तुळस वाचली. "मामांकडून शिकून या, तोवर कात्रीला हात लावू नका," सुनीतानं बजावलं. तिचे बसप्पामामा उदगीरजवळच्या एका निजामकाळातल्या बागेत झाडं छाटतात. शनिवारी पहाटेच्या एसटीत बसलो.

लोहा, जांब, जळकोट करत साडेतीन तास लागतात. जांबला उतरून गरम सुशीला खाल्ली. नाव ऐकून कुणी दचकू नये, चुरमुऱ्यांचा तिखट प्रकार आहे. बागेला तिकीट नाही, पाणी मात्र सोबत न्या.

आत मेंदीच्या उंच भिंती, मधोमध दगडी कारंजं आणि त्यावर झुकलेली चिंच. तिची एक वाळकी फांदी उतरवायची होती. मामा सत्तरीचे, डोक्यावर हेल्मेट, कमरेचा पट्टा झाडाला बांधलेला. कापलेली फांदी अलगद खाली सोडायची दोरी एरवी गंगामामी धरतात, पण त्यांचा हात प्लास्टरमध्ये.

"जावाई धरतेल की," मामा म्हणाले.

मामींना ते पटलं नाही. "दोरीला खोडाभोवती दोन येढे द्या. फांदीखाली उभं ऱ्हायचं न्हाई. हे वर असले की मला घास उतरत न्हाई, बघा."

एवढ्याशा फांदीला दोन वेढे कशाला, असं मनात म्हणत मी ते दिले. मामी बघत होत्या ना!

करवत थांबली. फांदी कडाडून सुटली आणि दोरीवर झुलत मामांच्या पायाकडे आली. मामा ओरडले, "हिडी! हिडी!"

मला वाटलं, म्हातारा दमला, बिडी मागतोय. "मी ओढत नाही हो मामा!" म्हणत एक हात सोडून मी रिकामा खिसा दाखवला. दोरी सर्रकन सरकली. फांदी त्यांच्या पायावर आदळली, पाय निसटला आणि मामा पट्ट्यावर लोंबकळले. मामींनी किंचाळत धड हातानं दोरी पकडली. दोन वेढे आवळले गेले, म्हणून फांदी थांबली. मामांनी चाचपडत पाय टेकला. मी पुन्हा दोन्ही हातांनी दोरी धरली.

मामा खाली उतरले ते हसतच. "आवो, हिडी म्हंजे कानडीत धरा! सोडा म्हनायचं आसलं तर बिडी म्हंतो."

म्हणजे मी ऐकलं ते बरोब्बर उलटं. मामी हसल्या नाहीत. मामांचा खरचटलेला गुडघा पदरानं पुसत राहिल्या. मग आम्ही तिघांनी भाकरी-ठेचा खाल्ला. मामींना घास उतरत होता. मला नव्हता.

रविवारी घरी खुर्चीऐवजी शिडी लावली. "हिडी," मी म्हणालो आणि दोन्ही शब्दांचा अर्थही सांगितला. सुनीतानं शिडी धरली. मी वर चढलो, तोच आत तिच्या आईसाठी लावलेली रिंगटोन वाजली. आमच्या घरात हा फोन दुसऱ्या रिंगच्या आत उचलला जातो. तो वाजून वाजून बंद पडला. परत वाजला. सुनीता माझ्याकडे बघत तशीच उभी.

दोन्ही पाय जमिनीला टेकल्यावर मी म्हणालो, "बिडी."

तेव्हा कुठे तिनं शिडी सोडली.