खिडकीतून धरलेली जागा

एसटी फलाटाला लागताच एका माणसाने आपल्या सहा-सात वर्षांच्या मुलीला खिडकीतून आत सरकवलं. "दप्तर ठेव बाकावर, आणि हलू नकोस!" तेवढ्यात दारातून चढलेली एक म्हातारी त्या बाकापाशी पोचली. मुलगी दप्तर मांडीवर घेऊन सरकू लागली, तोच बाप आला.

"अगं येडे, जागा धरलीय ना आपण! आजी, मागं बघा कुठं."

म्हातारी दांडा धरून उभी राहिली.

मी शेजारच्या बाकावर आधीपासूनच बसलो होतो. मला राग आला, पण पुरता येईना. माझ्या वडिलांनीही मला असंच खिडकीतून आत घातलं होतं, कॉलेजच्या प्रवेशाला जाताना. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी, तो त्यांच्या अशाच धडपडीमुळे. त्या दिवशी कोण उभं राहिलं, हे आम्ही पाहिलंच नाही. मला ती माया वाटली, अजूनही वाटते.

गाडी सुटल्यावर मी उठून आजींना जागा दिली.

"पप्पा, ते काका का उठले?"

"उतरायचं असेल त्यांना."

मुलीने खात्रीसाठी माझ्याकडे पाहिलं. माझं गाव दोन तासांवर होतं. मी होकारार्थी मान हलवली.