शकूच्या दंडावरची देवी

तपासून झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी हात धुतले, टॉवेलला पुसले आणि म्हणाल्या, “कैंसर भी हो सकता है.” माझं पोलकं दुधानं ओलं झालं होतं. मी पदर ओढून घेतला आणि काही कळलंच नाही असं तोंड करून बसले. कळलं होतं. तेवढं हिंदी भिलाईत आल्यावर पहिल्याच महिन्यात येतं.

माझ्या उजव्या छातीवर एक जखम होती. वाटोळी, कडा फुगलेल्या, मधोमध काळी खपली आणि बोटाला टणक. बाई तिला अल्सर म्हणाल्या, म्हणजे न भरणारा व्रण. काखेत गाठही आली होती. ती लिम्फ नोड. शरीरात काही वाईट शिरलं की ही सुजते. आता बायॉप्सी करायची होती, म्हणजे जखमेचा बारीक तुकडा कापून तपासायला नागपूरला पाठवायचा. तिकडून होकार आला तर छाती काढावी लागेल. तोवर दवाखान्यात राहायचं आणि पोरीला पाजायचं नाही.

माझी शकू तेव्हा रांगतसुद्धा नव्हती.

आमचे यजमान पोलादाच्या प्लांटच्या स्टोअरमध्ये क्लार्क होते. भट्ट्या उभ्या राहत होत्या, आणि आम्ही कॅम्प-१ मध्ये पत्र्याच्या छपराखाली राहत होतो. बाळंतपणानंतर वर्ध्याहून सासूबाई आल्या होत्या. त्या उन्हाळ्यात मजुरांच्या झोपड्यांत देवीची साथ असल्याचं कानावर आलं आणि देवी टोचणारा माणूस घरोघर फिरू लागला. शकूच्या दंडावर त्यानं टोचलं. आठवडाभरात तिथं टपोरा फोड आला.

आमच्याकडे टोचलेली देवी आणि आलेली देवी यांत फरक करत नसत. सासूबाईंनी दाराला कडुनिंबाचा डहाळा लावला. फोडणी बंद, दहीभाताचा नैवेद्य सुरू. दंडाला साबण लागू द्यायचा नाही, औषध लावायचं नाही. कडुनिंबाच्या पाण्यात भिजवलेल्या मऊ चिंधीनं तेवढं टिपायचं. ती चिंधी देवीची, म्हणून ती इकडेतिकडे टाकायची नाही. मी ती पोलक्यात खोवून ठेवत असे. दंड टिपायचा, मग शकूचं तोंड पुसायचं, मग पाजायच्या आधी स्वतःला पुसायचं. चांगली स्वच्छता ठेवतेय असंच मला वाटायचं.

शकूचा फोड खपलीवर आला आणि माझ्या छातीवर एक पुळी उठली. पोरगी चावली म्हणावं तर तिला दात नव्हते. पुळी फुटली, पसरली, अंगात ताप भरला. सासूबाईंनी हळदीचा लेप दिला. यजमान मात्र घाबरले आणि मला दवाखान्यात घेऊन आले.

वॉर्डात सगळा देश होता. शेजारी तेलुगू बाई, पलीकडे बंगाली, समोर सरदारीण, नर्स केरळच्या. मराठी बोलणारं कुणी नव्हतं. यजमान ड्यूटी संपवून यायचे, स्टुलावर बसायचे, चिमणीतून आज धूर निघाला की नाही ते सांगायचे. बिचाऱ्यांना दुसरं काही सुचत नसे. ते गेले की दुसऱ्या दिवसापर्यंत माझं तोंड बंद.

नर्सनं छाती पट्टीनं घट्ट आवळली होती, दूध आटावं म्हणून. बाहेर व्हरांड्यात कुणाचंही मूल रडलं की दूध आपोआप सुटायचं आणि पट्टी भिजायची. दुखायचं, पण त्यापेक्षा राग यायचा. माझ्या अंगाला अजून कुणी सांगितलं नव्हतं की आता कुणी पिणार नाही. एवढी एकटी मी आयुष्यात कधी पडले नाही. मरणाची भीती वाटत होती, पण खरं सांगायचं तर छाती कापतील आणि शकू मला ओळखणार नाही, याचीच जास्त वाटत होती.

डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, “घर में कोई बीमार है?” मी “नहीं” म्हणाले. खोटं नव्हतं ते. देवी हा आमच्या लेखी आजार नव्हता, आणि शकू तर हसतखेळत होती.

तुकडा नागपूरला गेला. त्यानंतर नुसती वाट पाहणं. लहान मुलांना वॉर्डात आणायची परवानगी नव्हती, म्हणून एका दुपारी यजमान आणि सासूबाई शकूला घेऊन माझ्या खाटेजवळच्या खिडकीबाहेर उभे राहिले. मी गजांतून हात काढला. शकूनं माझ्याकडे पाहिलं आणि सासूबाईंच्या खांद्यात तोंड लपवलं.

“पाह्य माय, आई आहे थे तुही,” सासूबाई म्हणाल्या. शकू भोकाड पसरून रडायला लागली. मीही रडले. सासूबाईंनी कमरेला खोवलेली देवीची चिंधी काढली, सवयीनं आधी पोरीचा दंड टिपला आणि मग त्याच चिंधीनं तिचे डोळे पुसायला गेल्या.

डॉक्टरीणबाई राउंडवर होत्या, शेजारच्या खाटेशी. त्या जवळजवळ ओरडल्याच, “रुको! आँख को मत लगाना!” आणि तरातरा बाहेर गेल्या.

“हात नोको लावू व बाई, देवी आहे थे,” सासूबाईंनी त्यांना बजावलं.

बाईंनी ऐकलं नाही. दंडावरची खपली पाहिली, चिंधी पाहिली, मग खिडकीतून मला विचारलं, “तुम भी यही कपड़ा लगाती थी?” मी मान डोलावली. त्यांनी परत येऊन मला तपासणीच्या खोलीत नेलं, पट्टी सोडली आणि जखम पुन्हा पाहिली, या वेळी बराच वेळ.

याला व्हॅक्सिनिया म्हणतात, असं त्यांनी समजावलं. देवीच्या लशीतला जिवंत जंतू. तो दंडावर असला तर राखण करतो. पण फोडातलं पाणी दुसरीकडे लागलं, तर तिथंही तसाच फोड उठवतो. पाजणाऱ्या आईच्या छातीवर क्वचितच होतं. “तुम्हारी बेटी ने तुमको टीका लगा दिया,” त्या म्हणाल्या, म्हणजे पोरीनंच मला लस टोचली, आणि पहिल्यांदाच हसल्या.

तरी नागपूरचं उत्तर येईपर्यंत त्यांनी मला सोडलं नाही. ते आलं. कॅन्सर नव्हता. सासूबाईंना मी सगळं सांगितलं तर त्या म्हणाल्या, “मंग देवीच आली म्हन ना! पोरीच्या दंडावरून तुह्यापाशी.” डॉक्टर इतके दिवस शिकून तेच सांगतात, असा त्यांचा चेहरा होता. पण चिंधी त्यांनी चुलीत घातली आणि साबणाची वडी मोरीत आणून ठेवली.

जखम आपली आपण भरली. छाती वाचली, दूध मात्र आटलं होतं. शकूला जवळ घेतलं तर ती मान वळवायची आणि वाटी-चमच्याकडे हात करायची. वॉर्डात एकटी होते ते समजण्यासारखं होतं. आपल्याच घरात, आपलंच मूल मांडीवर घेऊन तसं वाटेल, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

पुढच्या उन्हाळ्यात देवी खरोखरच आमच्या रांगेत आली. कडेच्या घरातलं न टोचलेलं मूल गेलं. शकूला काही झालं नाही. म्हणून सांगते, माझी गोष्ट ऐकून कुणी लस टाळू नका. टोचलेली जागा झाकून ठेवा, हात धुवा. आणि डॉक्टर विचारतील तेव्हा घरातलं सगळं सांगा, तुमच्या लेखी जो आजार नाही तोसुद्धा. त्या डॉक्टरीणबाईंची मी जन्माची ऋणी आहे. त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं.

शकू परत कधी प्यायली नाही. पण थोडी मोठी झाल्यावर एकदा झोपताना तिचं बोट माझ्या छातीवरच्या वाटोळ्या व्रणावर गेलं आणि तिथंच राहिलं. मग ती सवयच झाली. त्यावर बोट ठेवल्याशिवाय तिला झोप येईना. शाळेत जायला लागली तरी तसंच. सासूबाई चिडवायच्या, “देवीले हात लावून झोपते पोट्टी.” माझा हात मुंग्या येऊन बधिर व्हायचा, पण मी कूस बदलत नसे.