तीस अंशांचा ट्रान्सफॉर्मर

मी आणि माझा भाऊ अकोल्याच्या एमआयडीसीत ट्रान्सफॉर्मर बनवतो. ऐन उन्हाळ्यात वरूडहून एका काकूंचा फोन आला. त्यांचं संत्र्यांचं कोल्ड स्टोरेज होतं. कॉम्प्रेसरचा वेग कमीजास्त करणारे नवे ड्राइव्ह बसवल्यापासून दोन्ही कॉम्प्रेसर एकत्र चालवले की मेन ब्रेकर पडायचा. एकट्या कॉम्प्रेसरवर दोन्ही खोल्या गार राहत नव्हत्या.

"ताई, माल आतल्या आत मरून राहिला. गावातल्या लोकाईचा माल हाय वं," त्या म्हणाल्या.

आम्ही जाऊन मीटर लावला. ड्राइव्हमधला रेक्टिफायर, म्हणजे एसीचं डीसी करणारा भाग, वीज सलग घेत नाही, घोटाघोटानं ओढतो. त्यानं करंटची लाट फाटते. हार्मोनिक्स म्हणतात ते हेच. इथं दोन्ही रेक्टिफायर एकाच क्षणी घोट घेत होते. यावर उपाय म्हणजे बाहेर वीज देणारी दोन वाइंडिंग, म्हणजे तारेची वेटोळी, असलेला ट्रान्सफॉर्मर; एकाची जोडणी स्टार, दुसऱ्याची डेल्टा. दोन्हींतल्या विजेच्या लाटांत तीस अंशांचं अंतर पडतं, घोट मागंपुढं होतात आणि एकाची खोट दुसरा बरीचशी भरून काढतो.

आम्ही जिवाचं रान करून तो बनवला. ट्रक घेऊन पोचलो तोवर पहिल्या खोलीतल्या सडलेल्या संत्र्यांचा वास फाटकापर्यंत आला होता.

ट्रान्सफॉर्मर जोडला, चालू कॉम्प्रेसर त्यावर घेतला. मीटरवरची लाट तशीच फाटकी. काकू माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

"काकू, दोन्ही चालले तरच खोट भरून निघते. दुसरा सुरू करा. दोघांना सारखाच भार देऊ."

"अन् ब्रेकर पडला तं? एक चालून राहिला तोही गेला तं मी काय करू?"

गणित बरोबर होतं, पण ते इथं अजून चालवून पाहिलं नव्हतं. भाऊ हळूच म्हणाला, "काकू, नाही केलं तं ही दुसरी खोलीही संध्याकाळपर्यंत जाते."

त्यांनी डोळे मिटून मान हलवली.

दोन्ही कॉम्प्रेसर निम्म्या वेगावर आणले. लाट हळूहळू गोल होत गेली. वेग वाढवला. ब्रेकर टिकला.

काकूंनी मीटरकडे पाहिलंही नाही. पहिल्या खोलीत ज्यांचा माल होता, त्यांना त्या एकेक करून फोन लावू लागल्या. एका फोनवर त्यांना बोलताच येईना. त्यांनी मोबाइल माझ्या हातात दिला. पलीकडून एक बाई विचारत होती, "काय झालं वं? बोलत काहून नाही?"

मग तिला मीच सांगितलं.