एका चुलीचे चार भाऊ

गेल्या वर्षी नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी, दुपारच्या जेवणाआधी, चारकोपच्या मागे खाडीला लागून असलेल्या कोळीवाड्यातली तीन घरं सरकारी कागदावर उपरी ठरली. त्यातलं एक हिरामावशीचं. लग्न होऊन ती ज्या दारातून आत आली त्याच दारात आज म्हातारी होऊन बसलीय, तरी उपरी. शेजारचं चौथं घर मात्र 'मूळ रहिवासी'. चारही घरं सख्ख्या भावांची, एका लांब कौलाखालची, मधल्या भिंती सामाईक.

निकालानंतरच्या पत्रकात मी एवढंच छापलं होतं. पण त्या दिवशी साक्ष द्यायला ज्या बाई उभ्या राहिल्या, त्यांच्याबद्दल पत्रकात जागा नव्हती. ते इथे लिहितो.

बाई कुणाच्याही घरी आधी पुढच्या दाराने जात नसत. घराला मागून एक फेरी मारायच्या. सांडपाणी कुठे जातं, कौलं कुठे काळी पडलीत, सरपण कुठे रचलंय, ते बघायच्या आणि मगच पुढे येऊन विचारायच्या, "नावं नंतर सांगा. इथे रांधतं कोण?"

वाड्यातल्या पोरी त्यांची नक्कल करायच्या. पदर खोचून, मान वाकडी करून, "रांधतं कोण?" बाईंना ठाऊक होतं. त्या म्हणायच्या, "मान बरोबर जमली. आवाजात दम नाही."

बाई कोळीण नव्हत्या. बाप गिरणीत, मूळ गाव मालवणकडे. तरुणपणी मुलांना शिकवता शिकवता जनगणनेचं काम अंगावर आलं आणि त्यांच्या वाट्याला हा वाडा आला. तेव्हा इथे रस्ता नव्हता. भरती असली की चपला हातात घेऊन यायचं. पुरुष समुद्रावर, बायका बोंबील वाळवायच्या बांबूंखाली. बाई तिथेच उकिडव्या बसून लिहायच्या. निवृत्त होऊन चारकोपच्या सेक्टरात एका खोलीत राहायला आल्या, तेव्हा वाडा आपोआप शेजारी आला.

आमची ओळख भांडणातून झाली. वाड्याची हद्द आखायचं काम निघालं, आणि सरकारी कार्यालयाने सांगितलं, जुन्या जनगणनेत ज्यांच्या कुटुंबाची नोंद आहे तेवढेच मूळ, बाकीच्यांची घरं हटणार. मी पत्रक काढलं. बाईंनी ते भर सभेत वाचलं आणि परत दिलं. "उद्गारचिन्हं फार आहेत रे. माणसं कुठे आहेत?"

"बाई, लोकांना जागं करायचंय."

"जागे आहेत ते. पहाटे जाळी काढायला जातात. तू उठतोस कधी?"

पुढच्या रविवारपासून आम्ही दोघं फिरू लागलो. कार्यालयाने कुटुंबप्रमुखांची जुनी यादी भिंतीवर लावली होती. त्यातलं एकेक नाव आजच्या कुठल्या दारापर्यंत पोचतं, ते जुळवायचं. सोपं नव्हतं. धर्मा नावाचे तीन प्रमुख, तिघांच्या बापाचं नाव लक्ष्मण. आडनाव कुणी सांगितलंच नव्हतं. बाई म्हणायच्या, "होडीचं नाव विचार." होडीचं नाव सगळ्यांच्या लक्षात असायचं. होडीवरून खलाशी, खलाशांवरून भाऊ, भावांवरून घर. अशी बरीच घरं आम्ही यादीला नेऊन जोडली. पण घरात शिरल्यावर कोणाचं वय किती, कोणाची दुसरी बायको, असलं काही मी बाईंना विचारलं की त्या अडवायच्या. "ते मला विश्वासाने सांगितलंय. तुझ्या मोर्चासाठी नाही."

या फिरण्यातच ती गोम सापडली. जनगणनेत कुटुंब म्हणजे एका चुलीवर जेवणारी माणसं. आणि या वाड्यात भावाभावांची होडी एक असायची, तोवर चूलही एक. वेगळी चूल मांडली म्हणजे होडीतला वाटा मागितला, असंच सगळे समजायचे. म्हणून चार बिऱ्हाडं चार दारांत निजायची आणि एका सासूच्या हातचं जेवायची. कागदावर कुटुंब एक, प्रमुख थोरला भाऊ. धाकटे तिघे आतल्या पानावर. आणि कार्यालयाने काढली होती फक्त प्रमुखांची यादी.

हिरामावशीला हे सांगितलं तर ती हसली. "चूल सासूची होती वो. आमी जावा तिचे हाताखाली. भाकरी करपली तर पाठीत धपाटा. आता ते धपाट्यावरून माजं घर नाय?"

तीन घरांच्या सुनावणीच्या आदल्या संध्याकाळी मी बाईंच्या खोलीवर गेलो. चहा टाकत होत्या.

"बाई, उद्या एवढंच म्हणा. नजरचुकीने चारच्या जागी एक लिहिलं गेलं."

"कोणाच्या नजरचुकीने?"

"तुमच्या."

"माझी चूक नव्हती. चूल एकच होती."

"मला माहीत आहे. पण म्हणा ना. तीन घरं वाचतात."

"आणि परवा तेच विचारतील, बाई इथे चुकल्या तर अजून कुठे कुठे चुकल्या? मग सगळ्या वाड्याची मोजणी खोटी. ज्यांचं राहिलंय त्यांचंही जाईल मेल्या."

"ते परवाचं परवा बघू."

"तू बघशील. मी परवापर्यंत असेन का?"

मी चहा न घेता निघालो. त्यांनी दोन कप गाळले होते.

दुसऱ्या दिवशी टेबलामागे माझ्याच वयाचा एक अधिकारी होता. सभ्य. पंखा बाईंच्या दिशेने फिरवला, खुर्ची दिली. बाई बसल्या नाहीत.

"चार भाऊ, चौघांच्या बायका, मुलं, आई. दारं चार, चूल एक. नियमाप्रमाणे मी एक कुटुंब लिहिलं."

"म्हणजे कुटुंब एकच, मॅडम."

"मोजायला एक. राहायला चार."

"नोंदीत चार कुठे दिसतं?"

"पान उलटा. सगळ्यांची नावं आहेत. मी स्वतः लिहिली आहेत."

"आतली पानं आमच्याकडे नाहीत."

"मागवा मग."

"ती गोपनीय असतात, मॅडम."

प्रमुखांची नावं भिंतीवर चिकटवताना गोपनीय नव्हती. हे मी ओरडून म्हणालो, आणि मला बाहेर काढलं. दुपारच्या आतच निकालाचा कागद आला, त्यावर वाक्य होतं: साक्षीदाराने कुटुंब एकच असल्याचे मान्य केले. बाई खरं बोलल्या, आणि त्यांच्या खऱ्यानेच हिरामावशीचं घर कागदावरून गेलं. मला अजूनही वाटतं, त्यांनी खोटं बोलायला हवं होतं. हे मी त्यांनाही तोंडावर सांगितलं होतं.

बाहेर पायरीवर हिरामावशी बाईंच्या शेजारी बसली. मग मावशी म्हणाली, "बाई, खोटं बोलला असता तर मना राग नसता आला."

"मला आला असता," बाई म्हणाल्या. "वरच्या अधिकाऱ्याकडे अर्ज करू. एकटीचं ऐकत नाहीत ना? मग अजून माणसं आणते."

आणि खरंच निघाल्या. दुसऱ्या कोळीवाड्यांत त्या काळी ज्यांनी मोजणी केली त्या शिक्षिका, ते शिक्षक शोधायला. प्रत्येक वाड्यात हाच नियम, हीच चूल, तर तिथेही असेच धाकटे भाऊ गळाले असणार. दहा तोंडांनी हे सांगितलं तर एका बाईचं म्हणणं म्हणून झटकता येणार नाही. मढ, मनोरी, गोराई, मुलुंडकडची खाडी. गुडघे धरत बसने जायच्या. बहुतेक पत्त्यांवर फोटोला हार. एकांनी सांगितलं, पेन्शनचं लफडं नको. बोरिवलीत एक जुनी मैत्रीण सापडली, पण तिला कोणीच ओळखू येत नव्हतं. बाई समोर बसल्या तर ती मैत्रीण गंभीरपणे विचारू लागली, "घरात एकूण माणसं किती?"

"मग तुम्ही काय केलंत?" मी विचारलं.

"सांगितलं. एक." बाई हसल्या, आणि हसता हसता थांबल्या.

थंडीत त्यांना छातीत दुखू लागलं. रुग्णालयात मावशी डबा घेऊन जायची. शेवटी शेवटी बाईंना घास जाईना, तरी ती जायची, खाटेशी बसायची आणि डबा न उघडता परत यायची.

वरच्या अर्जाची पहिली तारीख बाई गेल्यानंतर लागली. शिपायाने साक्षीदाराचं नाव पुकारलं. परत पुकारलं. मावशी उठून म्हणाली, "त्या नाय आता." टेबलामागून उत्तर आलं, दुसरं कोणी आहे का? आमच्याकडे दुसरं कोणी नव्हतं. पुढची तारीख दिली आहे. तेव्हाही कोणी नसेल तर अर्ज निकाली निघेल आणि तीन दारांवर नोटीस चिकटेल.

म्हणून आता तुम्हाला सांगतो. अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत, घाटकोपरला, मुलुंडला, हे वाचणाऱ्या प्रत्येकाला. तुमची आई, मावशी, आत्या, शेजारचे निवृत्त गुरुजी, यांपैकी कोणी एखाद्या कोळीवाड्यात माणसं मोजली असतील. आज जेवताना त्यांना विचारा. आठवत असेल तर उशीर करू नका, त्यांना तारखेला घेऊन या. तारीख हिरामावशीच्या दारी विचारा; चालवत नसेल तर तिथेच कळवा, रिक्षा मी पाठवतो.