तेरावा महिना

"सहा महिन्यांहून जास्त काळ तुम्ही देशाबाहेर होतात," नागरिकत्वाच्या मुलाखतीत अधिकारी बाई म्हणाली.

"नाही," तिरुवर्क म्हणाली. "सहाला एक दिवस कमी."

अमेरिकेत आल्यापासून इतक्या ठामपणे ती कुणाशी बोलली नव्हती. सिल्व्हर स्प्रिंगच्या पार्किंगमधल्या काचेच्या खोपटात बसून पैसे घेणाऱ्या बाईला ठाम बोलायची वेळ येते कुठे?

अधिकारी बाईनं स्क्रीन तिच्याकडे फिरवला. "सत्तावीस जूनला गेलात. अठ्ठावीस डिसेंबरला परत आलात."

"आई वारली म्हणून सनेच्या वीसला गेले, तहसासच्या एकोणीसला..." तिरुवर्क आपले महिने बोटांवर मोजू लागली. नेहासे संपून नवं वर्ष लागतं तिथे बोट अडलं. मध्ये पागुमे होता.

आपण दुष्काळात तेरावा महिना म्हणतो. इथिओपियात तो दर वर्षी येतो. तीस-तीस दिवसांचे बारा महिने सरले की वर उरलेल्या पाच दिवसांचा पागुमे. त्याचा पगार मिळत नाही, घरभाडंही द्यावं लागत नाही. म्हणून त्याला कुणी महिन्यात धरत नाही. तिकीट काढताना तिच्या भावानं, झौडूनंही धरला नव्हता.

"तुमचं कॅलेंडर इथे चालत नाही," बाई म्हणाली. "तेवढ्या काळात इथली नोकरी होती?"

"सुटली. आल्यावर दुसरी धरली."

"घर?"

"भावाकडे खोली होती."

"तुमच्यासाठी रिकामी ठेवलेली?"

तिरुवर्कनं उजवा हात वर करून खरं बोलायची शपथ घेतली होती. हात तिला अजून वरच असल्यासारखा वाटत होता. "भाडेकरू ठेवला होता."

बाईनं टाइप केलं. नागरिकत्वाला लागणारं सलग राहणं तुटलं. आता परतल्या दिवसापासून वर्षं नव्यानं भरायची, मग पुन्हा अर्ज.

वर्षं भरायला तिची ना नव्हती. तिच्या मुलाकडे, अबेनेझरकडे मात्र ती नव्हती. तिला व्हिसाची लॉटरी लागली तेव्हा तो तेरा वर्षांचा होता आणि त्याच्या बापानं त्याला सोबत न्यायला सही दिली नाही. "मुलगा माझा. तू जा," म्हणाला. आता तोच बाप दुसरा संसार मांडून मोकळा, आणि पोरगा अदिसमध्ये कुणाच्या तरी पडवीत झोपतो. येत्या ईस्टरला त्याला एकविसावं पुरं होतं. त्याआधी ती नागरिक झाली असती तर तो सरळ तिच्याकडे आला असता. एकविसाव्यानंतर रांग, तीही वर्षानुवर्षांची.

दुपारी झौडू तिच्या नव्या खोलीवर आला. टॅक्सी खाली लावून, किल्ल्या बोटात फिरवत. तिनं शेगडीवर कॉफीचे दाणे भाजायला घेतले. थोरला भाऊ दारात आला की कॉफी करायची, मग तो कसाही असो.

"पाच दिवसांसाठी अडवलं?" तो म्हणाला. "तू नीट बोलली नसशील. मिठाची गुळणी धरून बसली असशील."

"तिकीट तू काढलंस, दादा."

"फुकट काढलं, ते नाही सांगत! आईचं अर्ध्या वर्षाचं श्राद्ध झाल्यावर लगेच निघायची सोय केली. सहा महिन्यांच्या आत!"

"तू का नाही आलास श्राद्धाला?"

"टॅक्सी कोण चालवणार होतं? तुझी आई?"

"आपली आई," तिरुवर्क म्हणाली. तिनं दाण्यांचा पहिला धूर त्याच्या बाजूला हातानं लोटला, रीतीप्रमाणे. "आणि माझी खोली? माझी गादीसुद्धा भाड्यानं दिलीस."

"रिकामी ठेवून काय उंदीर पोसायचे?"

पहिला कप झाला. दुसऱ्याला फोन वाजला. अबेनेझर. तिनं सांगितलं.

"आधी बाबांनी सही नाही दिली," तो म्हणाला. "आता मामांनी दिवस मोजले. आई, माझं आयुष्य मोजायला तुम्हाला तिसरं कुणी मिळत नाही का?"

"बाळा, मी..."

"तू पण इकडेच होतीस ना? सहा महिने घरात बसलेलीस. तुला नव्हतं मोजता येत?"

फोन बंद झाला.

"पोरगं उद्धट झालंय," झौडू म्हणाला. "बापावर गेलंय."

कॉफीचं मडकं तिरुवर्कनं शेगडीवरून उचललं. पहिली वाढ चवीची, दुसरी गप्पांची, तिसरी बरकतीची. तिसरीवाचून पाहुणा उठत नाही, आणि यजमानानं उठवलं तर ते तोंडावर थुंकल्यासारखंच. झौडूनं रिकामा कप पुढे केला.

ती त्याला वळसा घालून मोरीपाशी गेली. मडकं पालथं केलं. काळं पाणी गाळासकट वाहून गेलं.

"अगं! तिसरा?"

"तो पागुमे समज," ती म्हणाली. "धरायचा नसतो."

झौडूनं कप खाली ठेवला, किल्ल्या उचलल्या, आणि दार उघडं टाकून जिना उतरला. तिरुवर्क मडकं विसळत राहिली.